इंजिनात पाणी शिरलं कुठून?

मंगळवारी सकाळी स्कूटर लावून धरणाच्या काठावर उतरले, तर बोट होती पण इंजिनाचा आवाज नव्हता. किसनकाका इंजिनापाशी उकिडवे बसलेले, हातात ऑइल बघायची पट्टी... आणि पट्टीवर काळ्या ऑइलऐवजी चक्क दुधाचा चहा!

माझी शाळा पलीकडच्या पाड्यावर आहे. मुरबाडहून काठापर्यंत स्कूटर आणि पुढे काकांची बोट, असं चार वर्षं चाललंय. बोटीला शेतावरच्या पंपाचं जुनं डिझेल इंजिन बसवलेलं आहे. पाड्यावरच्या माणसांना बाजार, दवाखाना, किन्हवलीची एसटी, सगळं या बोटीमुळे जवळ. नाहीतर डोंगराला वळसा घालून दोन तास पायपीट.

"पानी शिरला बाई ऑइलात," काका म्हणाले. "काल येताना आवाज जड झाला, तवाच बंद केला."

त्या दिवशी आम्ही वल्ही मारत पलीकडे गेलो. जाता जाता काकांच्या तोंडून हळूहळू बाहेर आलं... ते रोज पट्टी बघतात, पण दसऱ्याच्या गडबडीत तीन-चार दिवस बघायची राहिली होती. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा पाइप चोंदला असणार, इंजिन तापून फुटलं असणार, आणि आपल्याला कळलंच नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं धरलेलं. मुलगा कल्याणला आहे, तो कधीपासून म्हणतोय, बाबा आता बोट सोडा. "जातो त्याच्याकडं," म्हणाले.

बोट बंद म्हणजे पाड्याचा रस्ताच बंद. काकांच्या जागी उभं राहील असं दुसरं कुणी नाही, हे मला चांगलंच माहीत होतं. शाळेत दिवसभर लक्ष लागलं नाही.

बुधवारी मुरबाडहून मिस्त्री आले. ट्रॅक्टर, टिलर, पंप यांतला वाकबगार माणूस, पण बोटीत पाय ठेवल्यावर दोन्ही हातांनी कड घट्ट धरून बसले. त्यांनी पत्र्याच्या तुकड्यावर चार थेंब ऑइल घेतलं आणि खालून काडी लावली. तडतड तडतड... फोडणीत मोहरी टाकावी तसं.

"पाणी आहेच," मिस्त्री म्हणाले. "आता आलं कुठून ते शोधायचं. सांध्यातलं गास्केट गेलं असेल तर बदलू. ब्लॉकला, म्हणजे इंजिनाच्या अंगालाच चीर असेल तर मात्र हात जोडायचे."

वल्ह्यांच्या फेऱ्यांत अलीकडे आलेला निम्मा पाडा काठावर जमलेला. काका कुणाकडे न बघता इंजिनावर हात ठेवून बसले होते. मिस्त्रींनी आत बघायला ऑइल भरायच्या तोंडातला फडक्याचा बोळा ओढून काढला (झाकण कधीच हरवलंय, तिथे बोळाच असतो).

बोळा पांढराशुभ्र होता. कारण तो मी धुतला होता. साबण लावून!

झालं असं होतं... खंडेनवमीला आपल्याकडे अवजारांची, गाड्यांची पूजा असते. शाळेतली पाटीपूजा उरकून मी काठावर आले तेव्हा काका शेतावर गेलेले. मला स्वच्छतेचं वेड. घरचे म्हणतात, ही पाणीसुद्धा धुऊन पिईल. इंजिनाचा तो अवतार मला बघवेना. म्हटलं, काकांना सरप्राइज देऊ. काळाकुट्ट बोळा काढला, वरून चार बादल्या ओतल्या, खसाखसा घासलं. मग बोळा धुतला, खडकावर वाळवला, पुन्हा कोंबला आणि झेंडूची माळ घातली. काकांनी केवढं कौतुक केलं होतं माझं!

खरं सांगते, लगेच कबूल करावंसं वाटलं नाही. समोर सगळे पालक, आणि मी त्यांची बाई. झाकली मूठ सव्वा लाखाची असं वाटलं. पण काकांचा तो चेहरा बघवेना... शेवटी बोलून टाकलं.

मिस्त्री खो खो हसत सुटले. "अहो बाई, पूजा बाहेरून करायची असते!"

त्यांनी खालचा नट सैल केला. आधी तांब्याभर नुसतं पाणी आलं, मागून तो चहा. डिझेल ओतून इंजिन आतून दोनदा धुतलं, नवं ऑइल भरलं. "आता अर्धा तास चालवायचं," म्हणाले. "पट्टी पुन्हा पांढरी झाली तर चीर आहेच."

तो अर्धा तास मी आयुष्यात विसरणार नाही. सगळ्या देवांना हाका मारून झाल्या. मिस्त्रींनी पट्टी काढली, पुसली, पुन्हा बुडवून काढली... मधाच्या रंगाचं स्वच्छ ऑइल! काठावर एकच कल्ला झाला.

मी कान धरून काकांसमोर उभी राहिले. ते रागावले नाहीत. टॉवेलने तोंड पुसलं, मोठा श्वास सोडला. "मना वाटला, आता माजाच काय खरा नाय," एवढंच म्हणाले, आणि लगेच, "बसा बाई, शालेला उशीर झाला."

चार बादल्यांची माफी मला तिथेच मिळाली. पण दुसरी एक मागायची राहून गेली. मंगळवारी वल्ही मारताना मी त्यांची समजूत घालत होते, "होतं काका, वय झालं की लक्षात राहत नाही." चूक माझी, आणि मी ती त्यांच्या वयाच्या माथी मारून मोकळी झाले होते. त्यांनीही ती मुकाट्याने घेतली...

काका हे वाचणार नाहीत. उद्या सकाळी पलीकडे जाताना मीच त्यांना वाचून दाखवणार आहे, इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून.