दांडी जावयाची, दोरी माझी

माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही चौथी धरली तर. पण पाण्याखाली मासा गांडुळाला नुसतं हुंगून गेला, की चाखून गेला, की गिळायच्या बेतात आहे, हे मला बोटावरच्या तंगुसावरून कळायचं. तंगूस म्हणजे आमची नायलॉनची दोरी. काठी नाही, रीळ नाही. दोरीच्या एका टोकाला गळ आणि शिसं, दुसऱ्या टोकाला मी. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर कंत्राटात जन्म गेला आणि सुट्टीचा दिवस गोदावरीच्या काठावर. दुपारी डोळे जड झाले की काठावरचे आम्ही सगळे तंगुसाचा एक वेढा पायाच्या अंगठ्याला घालून आडवे व्हायचो. मासा अंगठा ओढायचा, अंगठा माणसाला उठवायचा. कामावरचा भोंगा एखाद्या वेळी चुकायचा, अंगठा नाही.

मग एक दिवस तोही चुकला. बायको डबा घेऊन आली होती. मी जागाच होतो, आभाळाकडे बघत पडलेला. ती म्हणाली, "अहो, तुमचा अंगठा कोण ओढतंय?"

बघतो तर तंगूस ताणलेला, वेढा कातडीत रुतलेला, अंगठा पांढराफटक, आणि मला पत्ता नाही. मासा तेवढ्यात गळ घेऊन निघून गेला. अंगठ्याला दोष देऊन मोकळा झालो असतो, पण हाताची बोटंही त्यालाच सामील निघाली. डॉक्टरने टाचणी टोचून बघितली आणि साखरेचं नाव सांगितलं. माझा चहा बिनसाखरेचा झाला. माशांचे दिवस मात्र गोड झाले.

बायकोने निकाल दिला. "ज्याला पायात काटा गेलेला कळत नाय, लागलेला मासा कळत नाय, त्यानं नदीवर जायचं नाय. गळ माळ्यावर टाका."

"कळतं मला."

"मग दाखवा. मी समोर बसते. लागलेलं माझ्याआधी सांगायचं. नाय सांगितलं, तर माळा."

कोर्टात निदान पुढची तारीख मिळते. इथे वकीलही तीच आणि जजही तीच. माझ्याकडे नदी सोडून दुसरं काय होतं? घरी बसलो असतो तर ती भाजी निवडायला लावणार, आणि त्यातही चुका काढणार.

लेक देवळाली कॅम्पला दिली आहे. जावई तिथे शाळेत शिकवतात. तिच्या आईने फोनवर सगळी चहाडी केलीच होती. पुढच्या रविवारी दोघं आली, तर जावयांच्या खांद्याला लांबलचक पिशवी. आतून निघाली काळी, लवचीक, चकचकीत काठी, तिला रीळ, आणि वेगळ्या डबीत दोरी.

"मामा, ही स्पिनिंगची काठी," जावई म्हणाले. "खुर्चीवर बसून, पायात बूट घालून टाकता येते. आणि ही ब्रेडेड दोरी. बारीक धाग्यांची वीण असते, ताणत नाही. तिकडे खुट्ट झालं की इकडे कळतं."

आता आमच्यात लेकीच्या घरचं घेत नाहीत. माझे वडील माझ्या बहिणीच्या सासरी जायचे ते पाण्याचा तांब्या घरून नेऊन. मी सुधारलेला माणूस, मी लेकीकडे जेवतोसुद्धा. पण काठी, रीळ, दोरी असं सगळं तयार घ्यायचं, म्हणजे उद्या मासाही जावयानेच पकडला असं म्हणतील. मी मधला मार्ग काढला.

"काठी ठेवतो, तुमचा मान म्हणून. दोरी घेऊन जा. दोरी माझी मी घालीन."

"मामा, पण खरी गंमत दोरीतच..."

"जावईबापू, दोरीचं मला सांगता?"

जावई गप्प बसले. माझ्या लेकीशी संसार केल्याने त्यांना गप्प बसायची चांगली सवय आहे. लेकीने डबी उचलून पर्समध्ये टाकली. "चला हो. बाबांचं नाही म्हणजे सातबाऱ्यावरची नोंद. खोडायची तर तलाठीच आणावा लागंल."

मी माझा सगळ्यात जाड तंगूस काढला. हाताने ओढायचा तर जाडच हवा. बारीक असला की बोट कापतो, आणि कटला मासा ताकदीचा असला तर तुटतो. तो रिळावर गच्च भरला. बायको बघून म्हणाली, "यावर गोधडी वाळत घालता येईल."

परीक्षेच्या दिवशी मी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, कामावरचे जुने बूट चढवून, बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला बसलो. गळाला गांडूळ लावलं. काठी मागे नेली आणि जोरात फेकली. तंगूस रिळावरून सुटला तो पलंगाच्या स्प्रिंगांसारखा, वेटोळ्यावर वेटोळं. काही वेटोळी काठीच्या पहिल्या कडीत अडकली, काही माझ्या कानात, आणि शिसं बुटासमोर चिखलात पडलं. बेडकाने याहून लांब उडी मारली असती.

"लागला का?" बायकोने विचारलं.

मी गुंता सोडवला, परत फेकलं, परत सोडवलं. शेवटी शिसं कसंबसं पाण्यात गेलं. मी तंगुसावर बोट ठेवून बसलो, अगदी पूर्वीसारखा. पाण्यात वेटोळी तरंगत होती.

"गेला," ती म्हणाली.

"कोण?"

"मासा. काठीचं टोक दोनदा हाललं. तुम्ही माझ्याकडं बघत होता."

"स्वतःच्या बायकोकडं बघायचं नाय का?"

"एवढ्या वर्षांत आजच सुचलं?"

ओढून बघितलं तर गळ धुतल्यासारखा स्वच्छ. आता माझ्याही डोक्यात उजेड पडला. जाड तंगूस मुळात ताणतो, त्यात ही वेटोळी. माशाने तिकडे दिलेला हिसका वाटेतच जिरायचा. चांगलं बोट असतं तर उरलासुरला कळला असता. माझ्या बोटाला उरलंसुरलं पुरत नव्हतं.

"हे धरायचं नाय," मी म्हणालो. "काठी नवी हाय."

"बरं, अजून एक डाव. जावयाची काठी म्हणून देते. तुमच्याकडं बघून नाय."

फोन करून डबी मागितली असती तर जावयांनी शाळा सुटल्या सुटल्या आणून दिली असती. एक शब्द बोलले नसते. तेच तर नको होतं. मी बस धरून शहरात द्वारका चौकात गेलो, त्या गाड्यांच्या गर्दीतून जीव मुठीत धरून रस्ता ओलांडला आणि मागच्या गल्लीत गळ, जाळी विकणारं दुकान शोधलं. गल्ल्यावर एक बाई होत्या, माझ्या लेकीहून थोड्या मोठ्या.

"कोणती दोरी हवी, बाबा?"

"चांगली."

"मासा कोणता?"

"गोदावरीतला."

"तसं नाही. केवढा?"

"ते लागल्यावर कळंल."

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "कुणाला लांब फेकायचं असतं, कुणाला मोठा मासा ओढायचा असतो. तुमचं काय अडलंय ते सांगा, मग दोरी देते."

मी मागे वळून बघितलं. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. "कळायला पाहिजे," मी म्हणालो. "बोटाला कळत नाय आता."

हे वाक्य मी घरात कुणाला बोललो नव्हतो. डॉक्टरलाही नाही, त्याचं त्याने टाचणीने शोधलं. बाईंनी चुकचुक केली नाही, फळीवरून एक डबी काढली. जावयांनी आणलेली तीच, तोच हिरवा रंग.

"ही विणलेली. बारीकच घ्या. जाड घेतली तर प्रवाह ती ओढत नेतो, दोरीला झोळ पडतो, आणि मग परत कळत नाही."

"तुटली म्हणजे?"

"दिसायला बारीक आहे, पण तुम्हाला हाताने तुटायची नाही. आणि बाबा, बोटावर विसंबू नका. मुठीत धरा, काठीचा मागचा दांडा कोपरापर्यंत हाताला टेकवून ठेवा. आधी रिळावर थोडा तंगूस गुंडाळा, नाहीतर ही गुळगुळीत रिळावर घसरते. आणि गळाच्या आधी हातभर तंगूस जोडा. दगडाला घासली की ही पटकन कापली जाते."

हे शेवटचं मी नीट ऐकलं. "म्हणजे सुरुवातीला तंगूस आणि शेवटीही तंगूस?"

"हो. मधे तेवढी ही."

माझ्या मनावरचं बरंच ओझं उतरलं. जावयांचं म्हणणं खरं होतं, पण मधल्यामधे.

दुसऱ्या डावाला बायको मेथीची जुडी घेऊन आली. तिला माझा निकाल लावायला अख्खं लक्ष द्यायची गरज वाटत नव्हती. मी फेकलं. दोरी आवाज न करता सुटली आणि शिसं जवळजवळ मधल्या धारेत जाऊन पडलं. इतकं लांब मी जवानीतही टाकलं नव्हतं, पण हे मी तिला सांगितलं नाही. दोरी ताठ करून घेतली, दांडा कोपराला टेकवला, आणि टोकाकडे बघून ओळखलं असं कुणी म्हणायला नको म्हणून डोळे मिटले.

बराच वेळ गेला. मेथीची पानं खुडल्याचा आवाज येत होता. आणि मग कोपराच्या आतल्या बाजूला काहीतरी हललं. लोकांच्या घरात कुणी दार लोटावं आणि आपल्या भिंतीला कळावं, तसं. परत एकदा.

"आला!" मी ओरडलो.

तिने दचकून मान वर केली. मी रीळ फिरवत होतो, काठी कमान झाली होती. जड होतं. हळूहळू काठाशी आलं. पाणवेलीचं एक बोचकं, खाली मुळांची हातभर दाढी, आणि त्यात गुंतलेला माझा गळ.

तिने वाकून ते बोचकं निरखलं. "हिचं कालवण करू का सुकं?"

"तू आधी बघितलंस का मी आधी सांगितलं?"

बायको खोटं बोलत नाही, हा तिचा जुना त्रास आहे. आज पहिल्यांदा माझ्या उपयोगी पडला.

"तुम्ही सांगितलं," ती म्हणाली. "पण मासा नव्हता तो."

"काय लागावं ते नदी ठरवते. लागलेलं मी सांगितलं."

तिने मुळांतून गळ सोडवला, बोटाला टोचणार नाही असा धरून माझ्या हातात दिला. "टाका परत," म्हणाली, आणि जुडी बाजूला ठेवून काठीचं टोक नीट दिसेल अशी सरकून बसली.

मी नवं गांडूळ लावलं आणि टाकलं. दुपारपर्यंत काही आलं नाही. आणि ते काहीच न येणं मला कोपरापर्यंत स्वच्छ कळत होतं.