बाबांची स्मरणशक्ती आणि माझा घाम

आमच्या घरातले सगळे चुकीचे निर्णय गेली दोन वर्षं बाबा घेत होते. निदान मी त्यांना तसं सांगत होतो.

बाबांना विसर पडायला लागला, तेव्हा मला फार वाईट वाटलं. (आठवडाभर.) मग त्यातली सोय ध्यानात आली. घराला गुलाबी रंग का दिला, असं त्यांनी विचारलं की मी सांगायचो, तुम्हीच तर म्हणालात. बाबा गोंधळायचे आणि गप्प बसायचे. गाडी उभी करायला जागा हवी म्हणून मी अंगणातला फणस तोडला, तोही असाच त्यांच्या नावावर खपवला. तो फणस आईने लावलेला होता, आणि आई आता नाही.

मग कर्जतच्या ताईने खोपोलीत एक डॉक्टरीणबाई शोधून काढल्या. डोक्याला चुंबकाचं यंत्र लावून मेंदूला बाहेरूनच हलके ठोके द्यायचे; चिरफाड नाही की सुई नाही. बाईंनी साफ सांगितलं, कोणाला गुण येतो, कोणाला येत नाही. मी मनातल्या मनात गुण न येण्यासाठी नवस बोललो. असा मुलगा देवाने कोणाला देऊ नये! आमच्या चौक गावाहून बाबांना रोज तिकडे न्यायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

यंत्र टकटक करायला लागलं की बाबा शांत बसत आणि घाम मला फुटे. तिसऱ्या दिवशी त्यांना शाळेतल्या मास्तरांचं नाव आठवलं. चौथ्या दिवशी शेजाऱ्यांनी नेलेली आणि कधीच परत न आलेली शिडी आठवली. ताई फोनवर आनंदाने रडली. मी मात्र गणित मांडलं: मास्तर साठ वर्षांपूर्वीचे, शिडी दहा वर्षांपूर्वीची, या वेगाने बाबा उद्याच फणसाशी पोचणार.

शुक्रवारी परत येताना, खालापूर फाट्याजवळ, बाबा माझ्याकडे वळले.

"दिल्या, अंगनातलं एक इचारायचं हाय."

मी गाडी बाजूला घेतली आणि सगळं ओकलो. फणस मी तोडला, रंग मी निवडला, तुमचा रेडिओ मी भंगारात दिला, दहावीला प्रगतिपुस्तकावर तुमची सहीही मीच मारली. (हे शेवटचं कोणी विचारलं नव्हतं, पण एकदा धार लागली की लागली.)

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अंगनात वाल सुकत घातलेत, ते झाकलंस का, येवढंच इचारत व्हतो."

मी गाडी सुरू करायला चावी फिरवली.

"फनस तू तोडलास?" ते हळू आवाजात म्हणाले. "दोन वर्सं मी सोतालाच शिव्या घालतोय रं. तिनं लावलेलं झाड तोडायला माजा हात कसा उठला म्हनून."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागितली, तरी बाबा घरापर्यंत बोलले नाहीत. शनिवार-रविवारही नाहीत. आता ते उपचारही सोडणार आणि त्याचं पाप माझ्या डोक्यावर बसणार, या धास्तीने मला जेवण जाईना. पण सोमवारी सकाळी ते आपणहून गाडीत येऊन बसले.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काही फरक वाटतो का?

"माजं काय सांगता येत नाय," बाबा म्हणाले. "पन या पोराला लय फरक हाय. पार दहावीपासूनचं आटवाय लागलंय."

बाईंनी कौतुकाने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "अरे वा, तुमचे उपचार कोणाकडे चालू आहेत?"

मी बाबांकडे बोट दाखवलं.