चादरीखालचे ढोल

ब्राझीलमध्ये नोकरीनिमित्त राहत होते, तेव्हाची गोष्ट. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांनी तिथे आपला धर्म अजून जपलाय. आमच्या गल्लीतल्या त्यांच्या देवळाला सरकारी मान्यता मिळाली. दारावर पाटी लागणार म्हणून शेजारच्या मारियाबाईंनी मलाही बोलावलं. पांढरे झगे घातलेल्या बायका, ओल्या पानांचा वास आणि मधोमध उंच ढोल. ते वाजले की देव येतात.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी पोलिसांची गाडी थांबली. म्हाताऱ्या बायकांनी ढोल उचलले, मागच्या खोलीत नेले आणि त्यांच्यावर चादरी टाकल्या. मी बघतच राहिले.

"अहो, पोलीस बंदोबस्ताला आलेत," मी म्हटलं.

मारियाबाई चादर नीट करत म्हणाल्या, "ठाऊक आहे गं. माझ्या आईच्या वेळी पूजेवर छापा घालून तिचे ढोल त्यांनीच नेले होते."

आमच्या तालुक्याच्या कचेरीत दरवर्षी सत्यनारायण होतो, पोलीस चौकीत गणपती बसतो. सरकारला धर्म नसतो, हे मी शाळेत पाठ केलं होतं. पण सरकार दारात आलं की कुणाला तरी आपला देव झाकावा लागतो, हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

पाटीवरचा पडदा सरला, टाळ्या झाल्या. पाटीसाठी आलेल्या मोठ्या सरकारी साहेबांनी हसत विचारलं, "आता तुमचे ढोल ऐकवा की."

एकही बाई जागची हलली नाही.