कडुबांची पेज

चितेगावच्या निशाला जगाचा नकाशा कधी लागला नव्हता. नवरा राजेंद्र जिनिंगच्या यंत्रांचा फिटर. जिथं कापूस, तिथं कंपनी त्याला धाडायची. या खेपेला बुर्किना फासो. ते नाव जिभेवर बसायलाच तिला पंधरा दिवस लागले.

२०१५च्या सप्टेंबरात सासऱ्यांनी, कडुबांनी, अंथरूण धरलं. शहरातल्या डॉक्टरांनी हात टेकले. बापाचं तोंड बघायला राजेंद्र काम टाकून निघाला, तिथल्या राजधानीत पोचला, आणि त्याच दिवशी राष्ट्रपतीच्या पहारेकऱ्यांनीच राष्ट्रपतीला कोंडलं. कुंपणानंच शेत खाल्लं! लष्कराचं सरकार आलं. सीमा बंद, संचारबंदी. राजेंद्र लॉजच्या खोलीत अडकला.

दुसऱ्या दिवशी कडुबा गेले. मुलगा पोचणार नव्हता, म्हणून संध्याकाळी निशानंच अग्नी दिला. सासूबाईंनी, मनकर्णाबाईंनी, गल्लीला दम भरला, "राजूला कुनी सांगायचं नाय. तिकडं बंदुका हायेत. पोरगं येड्यावानी बाहेर पळंल."

दम भरायला काय जातं! फोन निशाला घ्यावा लागायचा.

"दादांना दे." राजेंद्र बापाला दादा म्हणायचा.

"आत्ताच डोळा लागलाय त्यांचा."

"जेवले का?"

"व्हय. वाटीभर पेज घेतली."

रोज तेच. सुतकात बसून ती गेलेल्या माणसाला पेज पाजायची. मोकळं रडायचीही सोय नाही. फोन वाजला की गळा खाकरून साफ करायचा. त्या सरकारवर तिचा इतका राग होता, की समोर आलं असतं तर लाटण्यानं बडवलं असतं.

सातव्या दिवशी सरकार आपटलं. फोन आला.

"सुटलो, निशा! उद्याचं विमान हाय."

आता सांगायचंच, असं तिनं ठरवलं होतं. तोंडातून निघालं, "दादांना सांगते. झोपलेत ते."



"चौकात पोरांनी श्रद्धांजलीचा बोर्ड लावलाय ना," राजेंद्र म्हणाला. "कुनीतरी फोटो ग्रुपवर टाकला. खाली शोकाकुल म्हनून पहिलं नाव माझंच."

निशानं विचारलं, "कवा पाह्यला?"

"चार दिवस झाले."

"मंग रोज जेवन कशाला इचारायचे तुमी?"

"तू पेज घेतली म्हनायचीस ना," तो म्हणाला, "तेवढंच बरं वाटायचं."