आक्का आणि ‘ग्लॅड’

साहेब, आक्काच्या फोटोखालची तुमची कमेंट मी डिलीट केली.

‘एक हसतमुख सहकारी गमावली’ म्हणे.

आज आक्काला जाऊन वर्ष झालं. सकाळी फोटो टाकला आणि दहा मिनिटांत तुमचे हात जोडलेले.

ती हसतमुख नव्हती. तुमच्यासमोर तर अजिबातच नव्हती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. साहेबांचं नाव लिहीत नाही. ते वाचतायत, तेवढं पुरे.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, शकुंतला. शेंद्र्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत इन्स्पेक्शनला होती. प्लास्टिकचा पार्ट हातात घ्यायचा, फिरवायचा, तडा दिसला की बाजूला काढायचा. नऊ वर्षं.

आमचे वडील मेंढरं राखायचे. लंगडणारं मेंढरू लांबून ओळखायचे. आक्काची नजर त्यांचीच.

लाइन लीडरची जागा निघाली. अर्ज इंग्लिशमधून हवा होता. आक्का बारावी, मराठी मीडियम.

मी तेव्हा सिडकोत एका क्लासमध्ये इंग्लिश शिकवायचे. एमए इंग्लिश. तिचा फोन आला.

“रंजे, अर्ज लिव्हलाय. एकदा नजर टाकतीस का?”

“उद्या बघते गं.”

उद्या मी बघितला नाही.

हा माझा वाटा. तो मी लपवणार नाही.

तिनं स्वतःच डिक्शनरीतून शब्द शोधला आणि लिहिलं, ‘आय ॲम अ ग्लॅड वुमन इन धिस कंपनी.’ इथं मी आनंदात आहे, एवढंच तिला म्हणायचं होतं.

साहेब एचआरला होते. त्यांनी त्या अर्जाचा फोटो काढून स्टाफच्या ग्रुपवर टाकला.

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये आक्का ताट घेऊन रांगेत उभी. साहेब मोठ्यानं म्हणाले, “या, ग्लॅड वुमन आल्या! आज किती ग्लॅड?”

अख्खं कॅन्टीन हसलं.

जागा दुसऱ्याला गेली. नाव मात्र तिला चिकटलं. कंपनीच्या बसमध्ये, गेटवर, लाइनवर. काही गडी तर भलत्याच अर्थानं विचारायचे, आज किती ग्लॅड?

सुट्टीच्या दिवशी ती माझ्याकडं आली. चहाला हात लावला नाही.

“ग्लॅड म्हंजी आनंदी. व्हय का नाय?”

“व्हय.”

“मंग मी चुकले कुठं?”

कानाला खटकत होतं, पण का खटकतंय ते एमए झालेल्या बाईला माहीत नव्हतं.

क्लासमधली जाडजूड डिक्शनरी काढली. दोघी शेजारी बसून वाचलं. ‘आय ॲम ग्लॅड’ चालतं. पण दोन-चार जुने, ठरलेले प्रयोग सोडले तर ग्लॅड नामाच्या आधी लावत नाहीत. ‘हॅपी वुमन’ चालतं, ‘ग्लॅड वुमन’ चालत नाही.

आक्कानं त्या ओळीवर बोट ठेवलं.

“म्हंजी ह्यो शब्द माणसाच्या म्होरं चालत नाय. मागनं येतो.”

“व्हय.”

“त्याला तरी ठावं असंल का हे? का नुसताच हसला?”

जाताना तिनं कोपऱ्यावरच्या दुकानातून दोनशे पानी वही घेतली. रोज पाच वाक्यं. ग्लॅड, हॅपी, प्लीज्ड, डिलायटेड. फोनवर वाचून दाखवायची, मी चुका सांगायचे. मला वाटायचं, पुढच्या जागेसाठी तयारी चाललीय.

ती जागेसाठी शिकतच नव्हती.

वर्षभरानं कंपनीत कस्टमर ऑडिट आलं, म्हणजे माल घेणाऱ्या कंपनीची माणसं तपासणीला येणार होती. गेटवरची रांगोळी आक्काकडं. आदल्या दिवशी स्वागताचा फ्लेक्स छापून आला. मजकूर साहेबांचा. ‘विश यू अ ग्लॅड स्टे विथ अस.’

आक्कानं मला लगेच फोन लावला. इतक्या खुशीत मी तिला तिच्या लग्नातही बघितलं नव्हतं.

“सांगून टाक ना त्यांना,” मी म्हणाले.

“का सांगू? टांगू दे की.”

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. प्लांट हेड, साहेब, सगळे गेटवर उभे. आक्काच्या हातात गुलाबांचं ताट. एकेकाला फूल देत ती साहेबांपर्यंत आली. कॅन्टीनमध्ये त्यांनी लावला होता तेवढाच आवाज लावून म्हणाली,

“सर, ग्लॅड डझ नॉट कम बिफोर अ नाउन. प्लीज राइट प्लेझंट स्टे.”

पाहुण्यांमधल्या एका बाईंनी वर फ्लेक्सकडं बघितलं. हसल्या. “शी इज राइट.”

प्लांट हेडनी साहेबांकडं बघितलं. साहेबांनी रांगोळीकडं.

तासाभरात फ्लेक्स उतरला. तिथून पुढं कंपनीत त्यांचं नाव ‘ग्लॅड साहेब’. तोंडावर कुणी म्हणायचं नाही, पण त्यांना ऐकू जाईल इतपत. आक्काला हसलेली माणसंच म्हणायची.

आठवडाभरात आक्काला पॅकिंगला टाकलं. दिवसभर उभं राहून खोकी चिकटवायची. लाइन लीडर ती कधीच झाली नाही.

“पस्तावा होतो का गं?” मी एकदा विचारलं.

“पाय लई दुखत्यात,” ती म्हणाली. “पस्तावा नाय.”

मग तो आजार निघाला आणि चार महिन्यांत सगळं संपलं. पॅकिंगच्या बाया आळीपाळीनं दवाखान्यात डबा घेऊन यायच्या. साहेब एकदाही आले नाहीत.

साहेब, तुम्ही माफी मागितली नाही. आता मागूही नका. ऐकायला ती नाही, आणि तिच्या वतीनं मी घेणार नाही.

काही जण मला मेसेज करतील की अशा दिवशी असं लिहू नये.

माझ्या बहिणीला राग धरता यायचा. आरडाओरडा न करता, वर्षभर, रोज पाच वाक्यं लिहून. लोक गेलेल्या माणसाचे चांगले गुण आठवतात ना?

मला तिचा हा गुण आठवतोय.

आक्का, तू जा निवांत. हिकडचं मी बघते.