पेवाचं पोस्टर घेऊन सांगलीला

मुलांनो, साताऱ्याहून सकाळच्या एसटीत बसले तेव्हा पुठ्ठ्याची एक लांब नळी मांडीवर आडवी धरली होती. कंडक्टरने विचारलं, "बाई, बंदूक हाय व्हय?" नळीत माझं पोस्टर होतं. दुसऱ्या दिवशी सांगलीच्या एका कॉलेजात परिषद होती, आणि प्रत्येकाने आपला अभ्यास एका मोठ्या कागदावर मांडून भिंतीला लावायचा होता. माझा विषय पेव (धान्य साठवायचं जमिनीखालचं कोठार). तीन आठवडे खपून मी चार रकाने आखले होते, बारीक सुबक अक्षरांत भरले होते. तरी काहीतरी चुकलंय असं वाटत होतं. पुसेगाव येईपर्यंत नळी दोनदा उघडली.

शेवटी वडूजला उतरले. ज्यांचं पेव मी मोजलं होतं, त्या हौसाबाईंच्या अंगणात कागद पसरला आणि कोपऱ्यांवर दगड ठेवले. हौसाबाईंना वाचता येत नाही. त्या रकान्यांमधलं पेवाचं चित्र बघत राहिल्या.

"आवं बाई, येवढं मोठं तोंड? ह्यातनं बैल बी उतरंल की."

मी हसले.

"आन् कंदील कुटं हाय?"

मी चौथ्या रकान्यातली तळची ओळ वाचून दाखवली: बंद पेवात विषारी हवा साठते, आधी कंदील सोडावा, विझला तर उतरू नये.

"ह्या मुंग्या व्हय? माझा दीर तसाच उतरला, वर आला न्हाई. तुमी वाचलं म्हणून मला कळलं. वाचून दावायला कुनी नसंल त्यानं काय करायचं?"

त्यांनी भाकरी आणि खर्डा (मिरचीचा ठेचा) वाढला, तो खाऊन मी पुढची एसटी धरली. पुढे तासगावच्या द्राक्षबागा खिडकीतून सरकत होत्या आणि मी मनात एकेक रकाना खोडत होते.

सांगलीत नवा कागद घेतला आणि संध्याकाळी लॉजच्या फरशीवर बसून पुन्हा सुरुवात केली. प्रस्तावना गेली, संदर्भ गेले, मोजमापांचा माझा लाडका तक्ता कोपऱ्यात गेला. मधोमध अरुंद तोंडाचं पेव, आत दोरीला विझलेला कंदील, आणि काठावर थांबलेला माणूस.

परिषदेत एक प्राध्यापक म्हणाले, "मॅडम, हे शाळेतल्या तक्त्यासारखं झालंय." मला शरम वाटली, खोटं कशाला सांगू?

परतताना पुन्हा वडूजला थांबले. हौसाबाईंचं बोट कंदिलावरून माणसाकडे गेलं आणि तिथेच राहिलं.

"ह्यो थांबलाय," त्या म्हणाल्या.

"हो."

"मग ऱ्हाऊ द्या हितंच."

पोस्टर तिथे राहिलं, म्हणून तुम्हाला त्याचा फोटो पाठवता येत नाही. पण नीटनेटकेपणाच्या नादात एका माणसाचं मरण मी तळच्या ओळीत बसवलं होतं, हे घरी येऊन आठवडा झाला तरी मनातून जात नाही.