संत्र्याच्या तेलाचा वास

चार मित्र जमले की कोणीतरी म्हणतंच, "तुझ्या त्या तेलाच्या कारखान्यातलं सांग ना!" मी हे किस्से कधी जमवले नाहीत, ते होतच गेले. आज सांगताना लोक हसतात. घडत होते तेव्हा मात्र जमिनीत गडप व्हावंसं वाटायचं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. एम.एस्सी. झालो आणि काटोल रोडवर एका लहानशा कारखान्यात केमिस्ट म्हणून लागलो. संत्र्याच्या सालीचं तेल काढायचा कारखाना! काटोलच्या बाजारात न खपलेली बारकी संत्री आणि सरबतवाल्यांकडच्या साली ट्रकने यायच्या. बायका त्या निवडायच्या. मशीनमध्ये दाबल्या की पाण्याबरोबर तेल निघायचं, मग ते पाण्यापासून वेगळं करायचं. ढीगभर सालींतून बाटलीभर तेल. ते जायचं गोळ्यांत, सरबतात, साबणात.

आणि आमच्या अंगात! साबण घासून घासून कातडं लाल व्हायचं, पण वास काही जायचा नाही.

*

त्याच वासानिशी मी मुलगी बघायला गेलो. धरमपेठेतलं घर, समोर पोहे. मुलीचे वडील बसल्या बसल्या खुश झाले. "अरे वा, संत्री आणलेली दिसतात!"

आम्ही काहीच आणलं नव्हतं. माझे वडील माझ्याकडे बघायला लागले, मी छताकडे. मुलीची आत्या तर उठून आमच्या खुर्च्यांमागे बघून आली. तिथे वडिलांची छत्री होती. वास माझ्याच अंगाचा आहे, हे सांगायची मला लाज वाटली. पोहे कसेबसे गिळले आणि निघालो.

दोन दिवसांनी मध्यस्थ निरोप घेऊन आले. "स्थळ चांगलं आहे म्हणतात, पण मुलगा फार चिक्कू आहे. संत्री आणली आणि परत घेऊन गेला!"

*

आमचे मालक भाऊसाहेब. माणूस हौशी. सीझनचं पहिलं तेल त्यांनी काचेच्या मोठ्या बाटलीत भरलं आणि ऑफिसच्या खिडकीत ठेवलं. ऊन पडलं की सोन्यासारखं चमकायचं. येणारा-जाणारा बघायचा. मी म्हटलं, "भाऊसाहेब, उन्हाने आणि हवेने तेल बिघडतं."

"बिघडू दे गा, शोभून तर राहिलं ना!"

मे महिन्यात मुंबईहून गोळ्यांच्या फॅक्टरीवाले आले. मी गोडाऊनमधून सॅम्पल आणायला गेलो, तेवढ्यात भाऊसाहेबांनी थाटात खिडकीतलीच बाटली उघडून पाहुण्यांच्या नाकाखाली धरली. मी दारात पोचलो तेव्हा पाहुणे रुमालाने नाक पुसत होते. खोलीभर रंगात घालतात त्या टर्पेंटाइनचा वास!

"भाऊसाहेब," पाहुणे म्हणाले, "आम्हाला गोळी मुलांना द्यायची आहे, दाराला लावायची नाही!"

हातातलं चांगलं सॅम्पल घेऊन मी दारातूनच मागे फिरलो.

*

सुपरवायझर शेंडे आमचा जिवाभावाचा. त्याच्या बायकोने महिनाभर खपून कॉलनीच्या गणपतीसाठी थर्मोकोलचा महाल केला. खांब, कमानी, वर घुमट. सगळी कॉलनी आरतीला लोटली. शेंडेने आरती सुरू व्हायच्या जरा आधी भक्तिभावाने सगळ्या महालावर आपलं तेल शिंपडलं. अत्तरापेक्षा बरं, घरचं!

संत्र्याच्या तेलात थर्मोकोल विरघळतो, हे कॉलनीला 'सुखकर्ता दुःखहर्ता' चालू असताना कळलं. आधी घुमट बसला. मग खांब वाकले. बायकोच्या हातातलं तबक तसंच थांबलं. बाप्पा तेवढे शाबूत राहिले, मातीचे होते म्हणून!

पुढच्या वर्षी मीटिंगमध्ये कामं वाटली तेव्हा सेक्रेटरी हात जोडून म्हणाले, "शेंडेभाऊ, तुम्ही फक्त टाळ्या वाजवा."

शेंडे हे मला सांगताना हसत नव्हता. "बायको अजून बोलून नाही राहिली, साहेब."

*

एकदा एक सरकारी साहेब कारखाना बघायला आले. भाऊसाहेबांनी सरबत म्हणून तांब्याभर पाण्यात साखर घातली आणि वरून चमचाभर तेल ओतलं. तेल पाण्यावर तरंगतं. पहिला ग्लास साहेबांचा! सगळं तेल त्याच ग्लासात गेलं. साहेबांनी ते भिडेपोटी एका दमात संपवलं. डोळ्यांतून पाणी आलं. मग भाषणाला उभे राहिले.

"या उद्योगाचं भवितव्य..." ढेकर. "अत्यंत..." ढेकर.

शेंडे कानात म्हणाला, "साहेबाचं भाषण लई सुगंधी होऊन राहिलं!"

*

शेवटचा किस्सा मी सहसा सांगत नाही.

ऑफिसच्या कपाटातल्या तेलाच्या लहान बाटल्या नाहीशा होऊ लागल्या. भाऊसाहेबांचा संशय साली निवडणाऱ्या बायकांवर. एका संध्याकाळी सुट्टी झाली तेव्हा त्यांनी फाटकाशी सगळ्यांना रांगेत उभं केलं. म्हणाले, "शुद्ध तेलाचा वास मले ओळखू येते. पदर पुढे करा."

शेंडेला वास घ्यायला सांगितलं. तो मान खाली घालून म्हणाला, "मले नाही जमत." मग भाऊसाहेब स्वतः सुरू झाले. एकेक पदर नाकाशी धरून. पहिल्या दोघी हसल्या. नंतर कोणी हसेना. एक नवीन लग्न झालेली पोरगी रडायला लागली. मी शेजारीच उभा होतो, बुटांकडे बघत.

कांताबाईंचा नंबर आला. सगळ्यांत जुन्या त्या. सालींच्या तेलाने हातांची कातडी सोललेली. इतक्यात रांगेच्या टोकाला कोणीतरी येऊन उभं राहिलं. भाऊसाहेबांचे वडील! म्हातारे रोज दुपारी ऑफिसात येऊन बसायचे.

"बाबा, तुम्ही काहून रांगेत?"

"सगळ्यायचा वास घेऊन राहिला ना? माझा बी घे."

भाऊसाहेब हसले. बाबांनी बंडीच्या खिशातून बाटली काढली आणि पुढे केली. "गुडघ्याले लावतो मी. तुले मागायची लाज वाटे मले."

भाऊसाहेबांनी बाटली घेतली नाही. तोंड फिरवून म्हणाले, "जा सगळ्या. घरी जा."

एकही बाई हलली नाही. कांताबाईंनी आपला पदर हातात धरून पुढे केला.

"अर्ध्यावर काहून सोडता, मालक? घ्या ना. माझा राहिला."